माझ्या तोंडात टाळू नाही : आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
मा. वैद्यकीय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : काळ्या बुरशीत आणि कर्करोगात जबडा गमावलेल्या रुग्णांना जबडा, टाळू व दात मिळण्याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. पहिली-दुसरीचा वर्ग माझ्याकडे असतो. २०२१ च्या मे महिन्यात मला करोना झाला, त्यातून उठतो न उठतो तोच गाल सुन्न पडला आणि जूनमध्ये म्युकरमायकोसिसमुळे, म्हणजे काळ्या बुरशीमुळे, माझा वरचा जबडा काढावा लागला. उजवी बाजू पूर्ण, डावीकडचाही बराच भाग. टाळू गेली. वरचे तीन दात तेवढे उरले.

गेल्या महिन्यात माझा एक अर्ज परत आला. गालाच्या हाडात लांब स्क्रू बसवून त्यांच्या आधाराने पक्की टाळू आणि दात बसवता येतात. ही शस्त्रक्रिया शासनाच्या जनआरोग्य योजनेतून व्हावी म्हणून एका रुग्णालयामार्फत मी तो केला होता. परत आलेल्या कागदावर लाल शाईने लिहिलं होतं : 'सौंदर्योपचार. मंजुरी नाही.' ते वाचून गप्प बसवेना, म्हणून हे पत्र लिहितोय. जाहीरपणे लिहितोय, कारण असा कागद माझ्या एकट्याच्या हातात आलेला नसणार.

आधी जे झालं त्याबद्दल मनापासून आभार मानतो. त्या उन्हाळ्यात शासनाने म्युकरमायकोसिसचा उपचार महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजनेत घेतला. माझ्यासारख्याला बुरशी मारणारी अॅम्फोटेरिसिनची इंजेक्शनं विकत घेणं शक्यच नव्हतं. रात्री दोन वाजता बर्फाच्या डब्यात आलेली इंजेक्शनं मी पाहिली आहेत आणि ती आणणाऱ्या वॉर्डबॉयचे सुजलेले डोळेही. ज्यांनी मला वाचवलं त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार त्यानंतरच्या दिवसापासून सुरू होते. घरी सोडलं त्या दिवशी कार्डावर 'प्रकृतीत सुधारणा' असं लिहून आमचं खातं बंद झालं.

टाळू नसणं म्हणजे काय, ते मंजुरी देणाऱ्याला कळायला हवं, म्हणून सांगतो. तोंड आणि नाक या शेजारच्या दोन खोल्या आहेत आणि टाळू ही त्यांच्यामधली भिंत. भिंत गेली की पाण्याचा घोट नाकातून बाहेर येतो. भाताचं शीत वर जाऊन बसतं आणि शिंक येईपर्यंत निघत नाही. गरम दुधावर फुंकर घालता येत नाही. पेढा तोंडात ठेवला तर जिभेने तो दाबायला वर काहीच नसतं.

त्यावरचा सध्याचा इलाज म्हणजे प्लेट. डॉक्टर तिला ऑब्च्युरेटर म्हणतात, आम्ही रुग्ण नुसतंच प्लेट म्हणतो. गुलाबी अॅक्रिलिकची असते. वर पोकळीत शिरणारा एक गोळा, खाली दात, आणि कडेला उरलेल्या दातांना धरणारे तारेचे आकडे. गोळा आतून पोकळ ठेवतात, नाहीतर वजनाने सगळंच खाली येतं. रात्री ती काढून पाण्याच्या डबीत ठेवायची. सकाळी उठल्यावर पहिलं काम आरशासमोर. कोमट मिठाच्या पाण्याची पिचकारी वरच्या पोकळीत मारत राहायची, खपल्या निघेपर्यंत. मग डाव्या हाताने ओठ ओढून धरायचा, उजव्या हाताने प्लेट तिरकी करून आत घ्यायची, आधी गोळा, मग आकडे. 'कट' असा बारीक आवाज आला की बसली. त्या आवाजाआधी मी घरात कोणाशी बोलत नाही. बायको चहाचा कप ओट्यावर झाकून ठेवते आणि मी बाहेर येईपर्यंत हाक मारत नाही. हे तिने कधी ठरवून केलं नाही, पण एवढ्या वर्षांत एकदाही चुकलेलं नाही.

पोकळीचा आकार बदलत जातो तशी प्लेट सैल होते, आणि सैल झाली की बोलण्यातला 'ब' 'म' होतो, 'द' 'न' होतो. 'ब' म्हणताना हवा क्षणभर तोंडात अडवावी लागते, आणि माझी हवा नेमकी त्याच क्षणी नाकाकडे निसटते. माझ्या वर्गात बबन नावाचा मुलगा होता. हजेरी घेताना त्याचं नाव 'ममन' असं यायचं. पहिल्या दिवशी पोरं हसली. दुसऱ्या दिवसापासून बबन मी नाव घ्यायच्या आतच उभा राहून 'हजर' म्हणू लागला. मुलांनी मला सांभाळून घेतलं, ते मी विसरणार नाही. पण पहिलीचं मूल अक्षराचा आवाज गुरुजींच्या तोंडाकडे बघून उचलतं. त्या वर्षी मी फळ्यावर 'ब' काढायचो आणि तो म्हणून दाखवायला चौथीतल्या एका मुलीला बोलावून घ्यायचो. २५ वर्षं नोकरी झालेल्या माणसाने हे करायचं, म्हणजे काय होत असेल ते आपण समजू शकाल.

आता घाईचं कारण सांगतो. प्लेटचा सगळा भार त्या तीन दातांवर आहे. घास चावताना गोळा वरखाली होतो आणि तारेचे आकडे दातांना उपटत राहतात. तिघांतले दोन आता हलायला लागले आहेत. ते पडले की प्लेटला धरायला तोंडात काहीच राहणार नाही. मग 'ब' तर राहूच द्या, पाणीही पिता येणार नाही. माझ्या दोन्ही गालांची हाडं शाबूत आहेत, हे सीटी स्कॅनमध्ये स्पष्ट दिसतं. म्हणजे स्क्रू बसवायला जागा आहे. खासगी दवाखान्यात साडेसहा लाखांचा अंदाज मिळाला.

'सौंदर्योपचार' या शब्दाबद्दल मला थोडं विस्ताराने बोलायचं आहे. स्वीडनचे पेर-इंगवार ब्रोनेमार्क १९५० च्या दशकात सशाच्या हाडात टायटॅनियमची कुपी बसवून रक्ताभिसरण पाहत होते. प्रयोग संपल्यावर कुपी काढायला गेले तर ती निघेना. हाड त्या धातूला परकं न मानता घट्ट धरून बसलं होतं. त्यावरून १९६५ मध्ये त्यांनी माणसाच्या जबड्यात पहिल्यांदा टायटॅनियमचे स्क्रू बसवले. तो पहिला रुग्ण यॉस्टा लार्सन. हसताना चांगलं दिसावं म्हणून तो आलेला नव्हता. त्याच्या जबड्यात जन्मापासून व्यंग होतं. ते स्क्रू त्याच्या तोंडात २००६ साली त्याचा मृत्यू होईपर्यंत, म्हणजे ४० वर्षं टिकले. पुढे त्याच ब्रोनेमार्कांनी गालाच्या हाडात जाणारे लांब स्क्रू तयार केले, ते वरचा जबडा गमावलेल्यांचा विचार करून. म्हणजे हे तंत्र मुळात आमच्यासारख्यांसाठीच जन्माला आलं. ते देखण्या हास्याच्या जाहिरातींत गेलं ते नंतर. आणि आज आम्हीच मागायला गेलो तर आम्हांला सौंदर्यप्रेमी ठरवलं जातं.

लांब कशाला, पुण्याचीच गोष्ट आहे. १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये कावसजी नावाच्या मराठा बैलगाडीवानाची हकिगत छापून आली. इंग्रजांच्या सैन्याबरोबर असताना टिपूच्या लोकांनी त्याला पकडलं आणि त्याचं नाक आणि एक हात कापला. जवळजवळ वर्षभर तो नाकाविना राहिला. मग पुण्याजवळच्या विटा करणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याला कपाळाच्या कातड्याचं नाक करून दिलं. आधी मेणाचं नाक करून चेहऱ्यावर बसवून पाहिलं, ते मेण कपाळावर सपाट पसरून त्याची कड आखली आणि त्या मापाने कातडं सोडवलं. हा मजकूर वाचून जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली. सव्वादोनशे वर्षांपूर्वी या मुलखातल्या एका गाडीवानाला चेहरा परत मिळाला, आणि ते कुणाला चैन वाटलं नाही. आज मेणाच्या जागी सीटी स्कॅनवरून त्रिमिती छपाईने काढलेला कवटीचा नमुना असतो. मापं घेऊन टायटॅनियमची जाळी त्या एकाच माणसासाठी घडवता येते. माझ्या डॉक्टर मॅडमनी माझ्याच चेहऱ्याचा प्लास्टरचा साचा हातात देऊन, त्यावर पेन्सिलने रेघा मारून मला हे समजावलं. माझ्यासारखे अनेक रुग्ण त्यांच्याकडे येतात. त्या करायला तयार आहेत, साहित्य नाही म्हणून हात बांधलेले.

साहित्याचीच मला जास्त चीड येते, कारण त्यातलं पुष्कळसं आपल्याकडे आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८८ पासून ऊतिपेढी चालते. खुब्याच्या शस्त्रक्रियेत काढलेला हाडाचा गोळा आणि बाळंतपणातला गर्भवेष्टनाचा पडदा दात्याच्या संमतीने घेऊन, स्वच्छ करून, सुकवून, गामा किरणांनी निर्जंतुक करून इतर रुग्णांना वापरायला देतात. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने १९९० मध्ये देशी हृदयझडप माणसात बसवली, आणि हाडाच्या पोकळीत भरायचं बायोसिरॅमिकही तिथेच तयार झालं. रुग्णाचंच थोडं रक्त घेऊन दहा-बारा मिनिटं फिरवलं की त्यातून जखम भरायला मदत करणारा फायब्रिनचा, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या धाग्यांचा, मऊ पडदा मिळतो. फ्रान्सच्या जोसेफ शुक्रून यांनी ही पद्धत २००१ मध्ये मांडली. तिला लागतं काय, तर सुई, नळी आणि रक्त फिरवायचं यंत्र. असं यंत्र नसलेलं जिल्हा रुग्णालय असेल का? आणि गालाचं हाडही उरलं नसेल त्याच्यासाठी पोटरीतलं बारीक हाड रक्तवाहिनीसकट काढून चेहऱ्यात बसवता येतं. न्यूयॉर्कच्या डेव्हिड हिडाल्गो यांनी १९८९ मध्ये त्यातून खालचा जबडा घडवून दाखवला. आज मोठ्या कर्करोग रुग्णालयांत ही रोजची शस्त्रक्रिया आहे.

जर्मनीत कील इथे तर २००४ मध्ये पॅट्रिक वार्नके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका रुग्णाच्या पाठीच्या स्नायूत टायटॅनियमच्या जाळीचा पिंजरा ठेवला. त्यात हाडाचे खनिज तुकडे, हाड वाढवणारं प्रथिन आणि त्याचीच अस्थिमज्जा घातली, आणि काही आठवड्यांनी तिथे तयार झालेलं हाड काढून त्याच्या जबड्यात बसवलं. त्यानंतर त्याने नऊ वर्षांत पहिल्यांदाच चावून जेवण केलं. मी ते मागत नाही. तो प्रयोग होता आणि प्रयोगाची जागा प्रयोगशाळेत आणि परवानगीच्या चाचणीत आहे. मी मागतोय ते अनेक वर्षं वापरात असलेलं, ज्याचे फायदे-तोटे माहीत झालेले आहेत असं.

हा फरक आमच्या लोकांना कुणी समजावून सांगत नाही, आणि त्याचा फायदा घेणारे टपून बसलेले आहेत. मागच्या वर्षी तालुक्याच्या गावी एका मंगल कार्यालयात शिबिर झालं. 'मूळपेशींचं (स्टेम सेलचं) इंजेक्शन घ्या, टाळू आपोआप भरून येईल.' चार लाख रुपये, निम्मे आगाऊ. माझ्या शेजारी बसलेल्या शेतकऱ्याचा एक डोळा आणि अर्धा जबडा बुरशीत गेला होता. तो मला हळूच विचारत होता, गुरुजी, दीड एकर विकलं तर भागेल का? मी त्याला हाताला धरून बाहेर आणलं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं याबाबत स्वच्छ आहेत : रक्ताच्या ठरावीक आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं, तर मंजुरी किंवा परवानगीची चाचणी यांशिवाय मूळपेशींचा असा उपचार विकता येत नाही. दातांच्या गरातल्या पेशींची व्यापारी साठवणही त्यांत बसत नाही. तरी पुण्यात राहणाऱ्या माझ्या भाचीला तिच्या मुलीचे दुधाचे दात साठवण्यासाठी फोन येतात. खरा उपचार सरकारी दवाखान्यात मिळत नाही, तेव्हाच खोट्याचा बाजार भरतो. त्या शेतकऱ्याला 'तुझी शस्त्रक्रिया अमुक तारखेला' असं कुणी सांगितलं असतं, तर तो मंगल कार्यालयात आलाच नसता.

अपंगत्वाच्या दाखल्याचं वेगळंच दुखणं आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. वाचा-भाषा दोषाची व्याख्या स्वरयंत्र काढलेल्यांना आणि मेंदूच्या आजाराने वाचा गेलेल्यांना समोर ठेवून केलेली आहे. मी तपासणीला गेलो तेव्हा प्लेट घालून गेलो होतो. समोरचे डॉक्टर म्हणाले, तुम्ही तर बोलताय. मी तिथेच प्लेट काढून टेबलावर ठेवली आणि पुन्हा माझं नाव सांगितलं. ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, मला कळतंय, पण मी हे कुठल्या रकान्यात लिहू?

आणि आम्ही किती जण आहोत? जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने संसदेत सांगितलं, देशात म्युकरमायकोसिसचे ४५ हजारांहून जास्त रुग्ण, ४ हजारांहून जास्त मृत्यू, आणि सर्वाधिक रुग्ण महाराष्ट्रात. जबडा किती जणांचा गेला, डोळा किती जणांचा, हे मी आजवर कुठल्याही सरकारी पत्रकात वाचलेलं नाही. ज्यांची मोजणीच नाही त्यांच्यासाठी तरतूद कशी होणार? यात मुखाच्या कर्करोगाचे रुग्णही धरा. देशातल्या पुरुषांमध्ये हा कर्करोग पहिल्या क्रमांकावर आहे, आणि आमच्या विदर्भात तंबाखू-सुपारीच्या खर्‍याने काय केलंय ते कुठल्याही कर्करोग वॉर्डात जाऊन पाहा. बुरशीची साथ ओसरली, पण जबडा गमावणारा माणूस आजही रोज कुठल्यातरी शस्त्रक्रियागृहातून बाहेर येतो.

माझ्या मागण्या अशा आहेत.

१) जबडा व टाळू यांची पुनर्रचना, गालाच्या हाडातले व जबड्यातले स्क्रू, त्यावरचे दात, आणि प्लेट तसंच तिची वेळोवेळी करावी लागणारी दुरुस्ती, हे सगळं जनआरोग्य योजनेच्या यादीत स्वतंत्र नावाने, शंकेला जागा न ठेवता लिहावं. आजारामुळे किंवा अपघातामुळे जबडा गेलेल्याच्या अर्जावर 'सौंदर्योपचार' हा शेरा मारता येणार नाही, असं परिपत्रक काढावं.

२) २०२१ पासून योजनेतून ज्यांची जबड्याची शस्त्रक्रिया झाली त्यांची नावं आपल्याच संगणकात आहेत. सहा महिन्यांत त्या प्रत्येकाला बोलावून तपासावं.

३) मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत चेहरा-जबडा पुनर्वसनाचा पूर्णवेळ कक्ष असावा. दंतशल्यचिकित्सक, कृत्रिम दंतरोपणाचे डॉक्टर, प्लास्टिक सर्जन, वाचाउपचार तज्ज्ञ आणि प्लेट घडवणारा तंत्रज्ञ एका छताखाली. तंत्रज्ञाचं पद रिकामं ठेवू नये. माझ्या प्लेटचा गोळा घासून हलका करणारे भाऊ निवृत्त झाले, त्यांच्या जागी आजतागायत कुणी आलेलं नाही, आणि तिथला प्रत्येक रुग्ण ते भोगतोय.

४) विदर्भ आणि मराठवाड्यातल्या शासकीय रुग्णालयांना जोडलेली हाडांची ऊतिपेढी सुरू करावी. अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्यात २०११ च्या दुरुस्तीने ऊतीही आल्या आहेत, मार्ग मोकळा आहे. खुब्याच्या शस्त्रक्रियेत निघणारं हाड फेकून देण्याआधी रुग्णाची संमती विचारायची, सुरुवात इतकी साधी आहे.

५) फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने औषधी लेपाच्या स्टेंटला २९,६०० रुपयांची कमाल किंमत ठरवून दिली, त्याच ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या सांध्यांचीही. जबडा आणि दातांच्या रोपणांना तशीच मर्यादा घालावी, असा आग्रह राज्याने केंद्राकडे लेखी धरावा. आणि खरेदीत देशी संस्थांच्या तंत्रातून तयार झालेल्या, तपासून मान्य झालेल्या साहित्याला आधी विचारावं.

६) मूळपेशींच्या नावाने शिबिरं भरवणाऱ्यांवर अन्न व औषध प्रशासन आणि वैद्यकीय परिषद यांनी आपणहून कारवाई करावी. दीड एकर विकून बसलेल्या माणसाने तक्रार करावी, याची वाट पाहू नये.

७) जबडा-टाळू गमावणाऱ्यांना अपंगत्वाचा दाखला मिळावा यासाठी राज्याने केंद्राकडे प्रस्ताव पाठवावा. तोवर बदलीत, प्रवासात आणि सुट्ट्यांत आम्हांला राज्यापुरती सवलत द्यावी.

यातल्या पहिल्या मागणीला फक्त एक शासन निर्णय लागतो. बाकीच्यांना पैसा आणि वेळ लागेल हे मला कळतं. आपण भेटीची वेळ दिलीत तर मी आणि आमच्या गटातले आणखी काही रुग्ण मुंबईला येऊ. आमच्यातले काही जण बोलू शकणार नाहीत, ते लिहून आणतील.

आमच्याकडे शाळा जूनअखेर उघडतात. यंदा पहिलीच्या पटावर २२ मुलं आहेत. हलणारे दोन दात तोवर टिकतील असं डॉक्टर मॅडमचं मत आहे, दिवाळीपर्यंतचं त्या सांगत नाहीत. माझा अर्ज मी आज पुन्हा पाठवत आहे. त्यावर जो काही निर्णय होईल तो कारणासह लेखी मिळावा, ही विनंती.

आपला,
एक प्राथमिक शिक्षक
जि. बुलढाणा

सोबत : परत आलेल्या अर्जाची प्रत, सीटी स्कॅनचा अहवाल, प्लेटसह आणि प्लेटशिवाय असे दोन फोटो